सहा जणांचं बुकिंग, चौदा माणसं

पत्र:

ताई, वडिलांच्या माघारी त्यांचं घर आम्ही सुट्टीसाठी येणाऱ्यांना भाड्यानं द्यायला लागलो, त्याला आता चौथं वर्ष. एरवी सगळं सुरळीत चालतं, पण ऐन सीझनमध्ये दरवर्षी काहीतरी घडतंच. गेल्या हंगामात सहा जणांचं बुकिंग होतं, आले चौदा. रात्री दोनपर्यंत गच्चीवर गाणी. शेजारच्या काकांनी पोलिसांना फोन केला तेव्हा कुठे आवाज थांबला. सकाळी जाऊन पाहिलं तर वडिलांचं लिहायचं टेबल गच्चीवर नेलेलं, एका पायाला तडा, वर ग्लासांचे गोल पांढरे डाग. त्यात पुन्हा त्यांनीच रिव्ह्यू लिहिला, 'मालक कटकटे'. बायको म्हणते, बंद करून टाकू. मला ते नको आहे, घराचा खर्च यातूनच निघतो. या वर्षी भाडं दुप्पट करावं, मोठं डिपॉझिट घ्यावं, फक्त कुटुंबांनाच घर द्यावं, हॉलमध्ये कॅमेरा बसवावा आणि दारातच नियमांचा मोठा फलक लावावा, असं डोक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब आलं होतं. त्यांनी जाताना बागेतला गळका नळ दुरुस्त करून दिला, आम्ही न सांगता. तशी माणसं सीझनमध्ये आणायची कुठून? आमच्या जाहिरातीची प्रत सोबत जोडतो आहे.

(नाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी त्या टेबलापाशी अडले. गाद्या, पडदे, काचसामान पुन्हा आणता येतं. वडील ज्यावर लिहीत बसायचे ते टेबल दुसरं मिळत नाही. म्हणून पुढचं काही करायच्या आधी एक काम उरका. ते टेबल आणि अशा ज्या चार-दोन वस्तूंना काही झालं तर तुम्हाला झोप लागणार नाही, त्या सगळ्या तिथून हलवा. स्वतःकडे आणा, नाहीतर एका खोलीत ठेवून कुलूप घाला. पाहुणा कितीही सज्जन असला तरी त्याला टेबल म्हणजे टेबलच दिसणार. त्याच्या आठवणी तुमच्या आहेत, त्याच्या नाहीत.

आता मूळ प्रश्न. चांगली माणसं आणायची कुठून, असं तुम्ही विचारता. मी तुमची जाहिरात तीनदा वाचली. पहिलाच फोटो गच्चीचा, तोही रात्रीचा. दिव्यांच्या माळा, कोपऱ्यात उंच स्पीकर. खाली मजकूर: 'भव्य, मोकळं घर. मित्रमंडळींसोबत धमाल करायला एकदम बेस्ट. दहा जण आरामात झोपू शकतात.' आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'कमाल सहा पाहुणे'. तुम्हाला वाईट वाटेल, पण खरं सांगते. त्या चौदा जणांना तुम्हीच बोलावलं होतं. सहाचं बुकिंग करून चौदा येणं ही त्यांची फसवणूक होती, त्यात शंका नाही. पण हे घर आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटलं ते तुमच्या शब्दांमुळे. आणि नळ दुरुस्त करणारं ते कुटुंब यंदा घर शोधायला बसलं, तर हा फोटो बघून पुढे सरकेल. दोन लहान मुलं घेऊन दिव्यांच्या माळांखाली कोण झोपायला जाईल?

जबाबदार पाहुणे दारात उभं राहून निवडता येत नाहीत. जाहिरातीतच ठरतं कोण येणार ते. म्हणून सीझनच्या आधीच्या महिन्यात सगळा जीव त्या एका पानात घाला.

गच्चीचा फोटो काढून टाका असं मी म्हणत नाही. सकाळच्या उन्हातला घ्या, दोन खुर्च्या आणि वाळत घातलेला एखादा टॉवेल असलेला. स्पीकर घरातूनच काढा. दहा जणांच्या गाद्या ठेवल्या की दहा जण झोपणार, आणि दहांची सोय दिसली की चौदा येणार. सहाच गाद्या, सहाच उशा, सहाच खुर्च्या ठेवा. मजकूर साधारण असा असू द्या: 'शांत वस्तीतलं घर. सहा जणांची सोय आहे, सातव्याची नाही. शेजारचं घर भिंतीला लागून आहे आणि तिथे वयस्कर माणसं राहतात, म्हणून रात्री दहानंतर गच्ची बंद असते. रात्री पत्ते, पुस्तकं, गप्पा यांसाठी आतली बैठक आहे.' नियमामागचं कारण त्याच वाक्यात आलं पाहिजे. 'दहानंतर गच्ची बंद' एवढंच वाचलं तर माणूस कपाळाला आठ्या घालतो. शेजारी कोण आहे हे कळलं की त्याला स्वतःचेच आईवडील आठवतात.

घरातल्या उणिवाही लिहा. जिना उभा आहे, गरम पाणी यायला दहा मिनिटं लागतात, गाडी लावायला एकच जागा आहे, जे असेल ते. उणिवा लपवल्या की माणूस चिडून आत शिरतो, आणि चिडलेला माणूस घर जपत नाही. उणिवा वाचूनही जो बुकिंग करतो, त्यानं पान शेवटपर्यंत वाचलेलं असतं. मला तर पाहुण्याच्या जबाबदारपणाची यापेक्षा चांगली खूण सापडलेली नाही.

भाडं दुप्पट करायचा तुमचा विचार मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. भाडं वाढवलं की चांगली माणसं येतात, हा समज फार पसरलेला आहे. हिशोब मांडून बघा. सहा जणांच्या कुटुंबात पैसे देणारे खिसे बहुधा दोन. भाडं दुप्पट झालं की त्या दोघांपैकी प्रत्येकाला तुमचं जुनं अख्खं भाडं द्यावं लागेल. चौदा जणांच्या गटात खिसे चौदा. दुप्पट भाड्यातही प्रत्येकाच्या वाट्याला जुन्या भाड्याचा सातवा हिस्सा येतो. म्हणजे ज्यांना आणायचं त्यांना तुम्ही हाकलताय आणि ज्यांना टाळायचं त्यांना काही फरकच पडत नाही. सीझनचा दर लावा, तो सगळेच लावतात, पण आसपासच्या तेवढ्याच घरांच्या बरोबरीनं.

भाड्यापेक्षा रात्रींची संख्या फार उपयोगी पडते. ज्याला पार्टी करायची असते त्याला एक रात्र पुरते, बहुधा शनिवारची, बहुधा ऐनवेळी ठरवलेली, आणि बहुधा तो त्याच गावाचा किंवा जवळपासचा असतो. हा माझाच अंदाज नाही. सुट्टीची घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळानं ऑगस्ट २०२०मध्ये जगभरातल्या आपल्याकडच्या घरांत पार्ट्यांना बंदी घातली आणि जून २०२२मध्ये ती कायमची केली. त्यानंतर संशयास्पद बुकिंग अडवण्यासाठी त्यांनी जी यंत्रणा आणली, ती याच गोष्टी तपासते: मुक्काम किती रात्रींचा, शनिवार-रविवार आहे का, पाहुणा किती अंतरावरून येतोय, त्याचे आधीचे रिव्ह्यू कसे आहेत. सीझनमध्ये मागणी तुमच्या बाजूनं असते, म्हणून किमान तीन रात्रींची अट बिनधास्त घाला. दोन बुकिंगांच्या मध्ये एखादी रात्र रिकामी उरेल. तिचा दर उतरवून ती शेवटच्या क्षणी विकायचा मोह होईल. ती रात्र रिकामीच जाऊ द्या. तुमच्याकडचा तो तमाशा अशाच एका उरलेल्या रात्री झाला असेल, असा माझा कयास आहे. तारखा काढून बघा.

'फक्त कुटुंबांनाच' ही पाटी लावू नका. माझ्या घरामागची दोन खोल्यांची जागा मी बरीच वर्षं अशी भाड्यानं देते आहे. सगळ्यात नीट राहून गेले ते विशीतले चार विद्यार्थी. जाताना चादरी काढून, घडी घालून पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या. सगळ्यात जास्त नासधूस केली ती एका मोठ्या कुटुंबाच्या गोतावळ्यानं. नाव, वय, लग्न झालंय की नाही, यावरून माणूस ओळखायला गेलं की आपण चुकतोच, आणि त्याहून वाईट म्हणजे अन्याय करतो. अमेरिकेत २०१५मध्ये तीन संशोधकांनी पाच शहरांतल्या सुमारे ६,४०० घरमालकांना काल्पनिक पाहुण्यांच्या नावानं विचारणा पाठवल्या. मजकूर तोच, फक्त नावं वेगळी. कृष्णवर्णीय वाटणारी नावं असलेल्या पाहुण्यांना होकार मिळण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी निघालं. हा अभ्यास २०१७मध्ये छापून आला. त्या मालकांपैकी कितीजणांना वाटलं असेल की आपण फक्त काळजी घेतोय? एकट्या बाईला, तिघा मित्रांना, लग्न न झालेल्या जोडप्याला नाही म्हणताना आपणही हेच करतो. बहुतेक मोठ्या संकेतस्थळांना हे चालत नाही, आणि अनेक ठिकाणी कायद्यालाही नाही. माणसाचं वागणं बघा, आणि वागणं दिसायला एक जागा आहे: पहिला निरोप.

बुकिंगची विचारणा आली की मी तीनच गोष्टी विचारते. कोण कोण येणार, कशानिमित्त येणार आणि पोहोचायला साधारण किती वाजतील. उत्तर लांबलचक हवं असं नाही. 'आम्ही दोघं, दोन मुली आणि आई, आईचा साठावा वाढदिवस, पाचपर्यंत येऊ', एवढ्यात सगळं कळतं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं न देता 'घर फायनल करून टाका, पैसे लगेच पाठवतो' असं येतं, तेव्हा मी थांबते. थांबते म्हणजे नकार देते असं नव्हे. पुन्हा विचारते, आणि सोबत लिहिते, 'रात्री दहानंतर बाहेर बसता येत नाही, तुम्हाला चालेल ना?' ज्याला चालणार नसतं तो इथे आपणहून गळतो. ज्याला चालतं तो 'हो' लिहितो, आणि तो लेखी होकार संकेतस्थळावरच राहतो. पुढे वाद झालाच तर तो कामाला येतो, म्हणून ही बोलणी खासगी फोनवर नेऊ नका.

मी एकदा इथे ढिलाई केली आहे. ऐन सीझन, हातात दहा कामं. एका पाहुण्याचा निरोप आला: 'आम्ही चौघंच आहोत, पण संध्याकाळी थोडे मित्र भेटायला येतील, चालेल ना?' मी घाईत लिहिलं, 'थोडे चालतील'. त्यांचे 'थोडे' म्हणजे अकरा निघाले. रात्री मी दार वाजवलं तेव्हा त्यानं मला माझाच निरोप दाखवला, आणि माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. त्या दिवसापासून माझ्या निरोपांत 'थोडे', 'शक्यतो', 'जमल्यास' हे शब्द येत नाहीत. 'भेटायला दोघं येऊ शकतात, रात्री नऊपर्यंत', असं आकड्यांत लिहिते.

दारातल्या फलकाबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण इथे चांगल्या हेतूनं उलटा परिणाम होतो. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेली लाकडं विखुरलेली आहेत आणि लोक त्यांचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. एकीत 'पूर्वी अनेकांनी इथलं लाकूड नेलं, त्यामुळे उद्यानाचं रूप बदललं' अशा अर्थाचा मजकूर होता. दुसरीत नुसती विनंती, लाकूड नेऊ नका. पहिल्या पाटीच्या वाटेवर खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ ८ टक्के गेले, दुसरीच्या वाटेवर २ टक्क्यांहून कमी. 'अनेकजण करतात' हे वाचलं की माणसाला आपलंही करणं फारसं वावगं वाटत नाही. तुम्ही फलकावर 'गेल्या वर्षी पाहुण्यांनी धिंगाणा घातला, म्हणून…' असं लिहायला निघाला असाल, तर हात आवरा.

याचीच दुसरी बाजूही तपासलेली आहे. चाल्डिनींचाच सहभाग असलेला २००८चा एक अभ्यास हॉटेलातल्या टॉवेलांचा आहे. 'पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा' या कार्डाला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी मान दिला. 'बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' या मजकुराला ४४ टक्क्यांनी. पुढच्या फेरीत 'याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे' असं लिहिलेलं कार्ड सगळ्यांत वरचढ ठरलं, ४९ टक्के. तेव्हा तुमच्या घरात खरं असेल तेच, पण असं लिहा: 'इथे राहून गेलेले बहुतेक पाहुणे निघताना दिवे-पंखे बंद करून किल्ली खुंटीवर ठेवतात'. हे कार्ड हातानं लिहा, वहीच्या अर्ध्या पानाएवढं, आणि किल्लीच्या खुंटीशेजारी लावा. दारातला फलक नकोच. दारात पाऊल ठेवताच आठ वेळा 'सक्त मनाई' वाचलेला पाहुणा त्या घराला आपलं मानत नाही.

कॅमेरा हॉलमध्ये अजिबात नको. सुट्टीला आलेलं माणूस घरातल्या कपड्यांत, केस विस्कटलेलं वावरत असतं. त्याच्यावर नजर ठेवायचा आपल्याला हक्क नाही, भाडं कितीही कमी घेतलं तरी. एअरबीएनबीवर तर ३० एप्रिल २०२४पासून घराच्या आत कॅमेऱ्याला पूर्ण बंदी आहे. बाहेर, मुख्य दाराशी लावता येतो, पण जाहिरातीत सांगून. आवाजाची काळजी असेल तर नुसती डेसिबल पातळी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. त्यात बोलणं मुद्रित होत नाही, पातळी ओलांडली की तुमच्या फोनवर सूचना येते. बैठकीच्या खोलीत लावा, झोपायच्या खोलीत नाही, आणि ते आहे हे जाहिरातीत लिहा. पातळी ठरवताना एवढं लक्षात असू द्या की डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २००९मध्ये रात्रीच्या आवाजासाठी घराबाहेर ४० डेसिबलची मर्यादा सुचवली होती. नेहमीच्या बोलण्याचा आवाज जवळून ६०च्या आसपास असतो. म्हणजे शेजारच्या काकांची झोप मोडायला स्पीकरचीही गरज नाही, गच्चीवर रंगलेल्या गप्पा पुरतात.

त्या काकांकडे सीझनच्या आधी जाऊन या. तुमचा नंबर त्यांच्याकडे असू द्या, आणि पोलिसांच्या आधी मला फोन करा, कितीही वाजले तरी मी उचलीन, असा शब्द द्या. आणि खरंच उचला. गेल्या वर्षीबद्दल माफी मागायची राहिली असेल तर तीही मागा.

डिपॉझिट माफक ठेवा, संकेतस्थळ परवानगी देत असेल तेवढंच. मोठ्या रकमेला नीटनेटकी माणसंच बिचकतात. त्यांना आधी कुणीतरी क्षुल्लक कारण काढून पैसे कापून घेतलेले असतात. त्याऐवजी प्रत्येक पाहुण्याच्या आधी आणि नंतर खोलीखोलीचे फोटो काढून ठेवा. नुकसानभरपाईची मागणी मुदतीत करावी लागते. एअरबीएनबीवर पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत.

आता तो 'मालक कटकटे' रिव्ह्यू. त्याला तुम्ही उत्तर दिलेलं दिसत नाही. संकेतस्थळ अजून देऊ देत असेल तर द्या, दोन ओळींत, राग न दाखवता: 'बुकिंग सहा जणांचं होतं, आले चौदा. रात्री दोन वाजता शेजाऱ्यांची झोप मोडली, म्हणून आवाज थांबवायला लागला.' ज्यांना शांत घर हवं आहे ते हे वाचून निश्चिंत होतील, आणि ज्यांना गोंधळ घालायचा आहे ते दुसरं घर बघतील. आणि तुम्ही त्या गटाबद्दल काय लिहिलंत? बरेच मालक भीतीपोटी गप्प बसतात. एअरबीएनबीवर दोघांनीही लिहिल्याशिवाय किंवा १४ दिवस संपल्याशिवाय कुणाचाच रिव्ह्यू दिसत नाही. तुमचं वाचून समोरचा सूड म्हणून वाईट लिहील, ही सोयच तिथे ठेवलेली नाही. तुम्ही खरं लिहिलं नाहीत, तर पुढच्या सीझनला दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांचं टेबल गच्चीवर जाईल.

घरापासून जवळ राहत असाल तर पाहुणे येतील तेव्हा दहा मिनिटं स्वतः जा. किल्ली डब्यात ठेवून देणं सोयीचं असतं, पण सीझनमध्ये तरी जा. गरम पाण्याचं बटण दाखवा, कुठली खिडकी अडकते ते सांगा, हे घर वडिलांचं होतं हेही सांगा. मालकाचा चेहरा पाहिलेला माणूस त्याच्या भिंतीवर सहसा काही सांडत नाही, आणि सांडलं तर कळवतो.

तुमच्या बायकोलाही हे उत्तर वाचायला द्या. बंद करून टाकू असं माणूस दमल्यावर म्हणतं. रात्री दोनचा फोन कोण घेतं, सकाळी चौदा जणांच्या मागचं कोण आवरतं, हे पत्रात नाही, पण मला अंदाज आहे. यंदाच्या हंगामातले कुठले आठ दिवस घर कुणालाच द्यायचं नाही, हे त्यांना ठरवू द्या आणि तेवढं कॅलेंडर आत्ताच बंद करा.

उरलेल्या तारखा सगळ्यांसाठी खुल्या करायच्या आधी जुन्या पाहुण्यांची यादी काढा. चार वर्षांत असे दहा-बारा तरी असतील, ज्यांच्या मागे तुम्हाला काही आवरावं लागलं नाही. त्यांना एकेकट्याला, नावानिशी लिहा. तारखा अजून कुणाला दिलेल्या नाहीत, तुम्हाला हव्या असतील तर पंधरवडाभर राखून ठेवतो, गेल्या वेळचाच दर. सीझनमधल्या निम्म्या तारखा अशा भरल्या तरी अनोळखी माणसांची पारख करायचं निम्मं काम वाचतं. सुरुवात त्या नळवाल्या कुटुंबापासून करा. त्यांचा जुना निरोप संकेतस्थळावर असेलच, त्याखालीच लिहा. नळ अजून गळत नाही, हेही कळवा.